आमच्या प्रोजेक्टचा पाटकरी

टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, प्रोजेक्ट कसा होतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या बॅचची फाईल मिळवायची, गावाचं नाव बदलायचं, आकडे थोडे इकडचे तिकडे करायचे, ऋणनिर्देशाच्या पानावर आईवडिलांचे आणि सरांचे आभार मानायचे, आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं टाकायला बाइंडिंगवाल्याकडे द्यायची. गटातला एक टाइप करतो, एक पैसे भरतो, बाकीचे तोंडी परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर. पहिलं नाव ज्याचं असतं तो गटप्रमुख. त्याने फाईल नीट उघडलेली असेलच असं नाही.

आमच्या वर्षी भूगोलाच्या सरांनी यात खोडा घातला. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन अटी सांगितल्या. विषय असा हवा की जिथे सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत येता येईल. अहवाल कॉलेजात सादर करण्याआधी ज्या गावाबद्दल लिहिलाय त्या गावात, गावाला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचा. आणि गटप्रमुख दर पंधरा दिवसांनी बदलायचा. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण एवढंच म्हणाला, “सर, मग सर्टिफिकेटवर नाव कोणाचं?”

आम्ही सहा जण. मी लिहिते म्हटल्यावर गटातल्या तिघांनी आपलं नाव नको असं सांगितलं, म्हणून सगळ्यांना गावांनीच ओळखा. तसंही कॉलेजात आम्ही एकमेकांना गावांनीच हाक मारायचो. दोंडाईच्याचा हा क्रिकेट टीमचा कॅप्टन, आवाज मोठा, कुठेही पुढे. शिरपूरवाली वह्यांना कव्हर घालणारी, तारीख टाकल्याशिवाय एक ओळ न लिहिणारी. सोनगीरची, जिच्या घरी तांब्यापितळेच्या भांड्यांचं काम चालतं. दहिवेलचा, ज्याच्याकडे मोटरसायकल होती आणि म्हणून ज्याच्यावर सगळ्यांचा जीव होता. नवापूरचा, जो वर्गात तीन वर्षांत फारसा बोललाच नव्हता. आणि मी, साक्री तालुक्यातली.

विषय ठरवण्याची पहिली मीटिंग म्हणजे बाजार होता. दोंडाईच्याच्याला मिरचीची बाजारपेठ करायची होती. शिरपूरवालीला शिरपूर पॅटर्न, म्हणजे नाल्यांवर ओळीने बांधलेले बंधारे आणि त्यांनी वर आलेलं भूजल. सोनगीरचीला अर्थातच भांडी. मी पांझरा नदीवरची फड पद्धत म्हटलं, कारण माझे आजोबा फडाच्या गोष्टी सांगायचे. कोणी मागे हटेना. शेवटी विषय निवडला तो एसटीच्या वेळापत्रकाने. सहाही जणांना धुळ्याहून एकाच गाडीने जाता येईल आणि दिवेलागणीच्या आत परतता येईल असं एकच ठिकाण निघालं, ते पांझरेच्या काठचं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मुलाखतींत ‘हा विषय का निवडला’ असं विचारलं की आम्ही वारसा, शाश्वतता वगैरे बरंच काही बोललो. खरं कारण एसटी.

फड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर, आणि तिकडे नाशिक जिल्ह्यात मोसम-आरम नद्यांच्या खोऱ्यात ही पद्धत काही शतकं चालत आली. नदीच्या पात्रात जिथे खडक उघडा आहे तिथे दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालायचा. पाणी साठवायचं नाही, फक्त वळवायचं. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंतचे छोटे पाट. पाणी जास्त झालं तर ते परत नदीत सोडायला सांडम. सगळं उतारावर चालतं, पंप नाही, वीज नाही. बंधाऱ्याखाली भिजणारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, तो एकेक फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात रब्बीचा गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी फिरवाफिरव. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड सोडून द्यावा लागला तर तोटा सगळ्यांना सारखा.

पीक कोणतं घ्यायचं ते पंच बसून ठरवतात. पाणी द्यायचं काम मात्र शेतकरी स्वतः करत नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असतो. राखणीला जागल्या, सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपात, जमिनीच्या प्रमाणात. आणि हंगामाआधी कालव्यातला गाळ काढायला सगळे हजर.

1880 सालच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये पांझरेवरच्या बंधाऱ्यांचा उल्लेख सापडला तेव्हा शिरपूरवालीने त्या पानाचा फोटो गटावर तीनदा टाकला. विश्वेश्वरय्यांचंही प्रकरण आमच्याकडे आहे. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, आणि सुरुवातीच्या काळातच धुळ्याच्या बाजूला पांझरेवर सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे न्यायचं, काम त्यांनी केलं. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत, म्हणजे कालव्याखालची जमीन तुकड्यांत वाटून पिकं फिरवायची रीत, आणली ती फड बघूनच, असं इकडे छातीठोक सांगतात. दोंडाईच्याच्याला हे अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात हवं होतं. सरांनी विचारलं, “पुरावा?” त्यावर दोन दिवस वाद झाला आणि ते वाक्य ‘असं स्थानिक लोक मानतात’ एवढ्यावर आलं. मला विचाराल तर तीन वर्षांत कॉलेजने शिकवलेल्या सगळ्यात उपयोगी गोष्टींपैकी ही एक.

सुरुवातीला काम आम्ही जसं सगळे वाटतात तसंच वाटलं. सहा प्रकरणं, सहा माणसं. प्रस्तावना एकाकडे, भौगोलिक पार्श्वभूमी दुसरीकडे, सर्वेक्षण तिसऱ्याकडे, नकाशे चौथीकडे, असं. पहिला गटप्रमुख दोंडाईच्याचा. त्याने व्हॉट्सअॅपवर गट काढला, सगळ्यांना तारखा दिल्या, आणि रोज रात्री ‘अपडेट द्या’ असा मेसेज टाकू लागला. उत्तरात अंगठे यायचे. अंगठा म्हणजे काम झालं, की काम कळलं, की मेसेज फक्त पाहिला, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी सहा फाइली जमल्या. तीन प्रकरणांत पांझरेची लांबी तीन वेगवेगळी होती. लोकसंख्येचे आकडे दोघांनी काढले होते, पर्जन्यमान कुणीच नाही. ज्याचं त्याचं प्रकरण ज्याच्या त्याच्या मालकीचं झालं होतं, दुसऱ्याने त्यात एक ओळ बदललेली चालत नव्हती.

त्याच सुमारास आम्ही पहिल्यांदा गावात गेलो. कॉलेजचं पत्र घेऊन आधी ग्रामपंचायतीत. सरपंचांनी पत्र वाचलं, शिक्का बघितला आणि एकच विचारलं, “रिपोर्टची एक प्रत आम्हाला मिळेल ना? मागे दोन-तीनदा पोरं येऊन माहिती घेऊन गेली, पुन्हा तोंड दाखवलं नाही.” सरांची दुसरी अट मला तेव्हा पटली.

कालव्यावर एक म्हातारे बाबा फावडं घेऊन उभे होते. पूर्वी पाटकरी होते असं सरपंचांनी सांगितलं होतं. दोंडाईच्याचा पुढे झाला, प्रश्नावली उघडली आणि वाचलं, “आपल्या गावातील फड सिंचनाची सर्वसाधारण क्षमता किती आहे?” बाबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कथाईन उनात?”

“धुळ्याहून. कॉलेजचे.”

“बरं.” आणि फावडं चालू. आम्ही तसेच उभे. प्रश्नावलीत अजून बरेच प्रश्न होते आणि पहिल्यावरच अडकलो होतो.

तेवढ्यात नवापूरचा, जो सगळ्यात मागे होता, चारीच्या काठावर उकिडवा बसला. चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. थोडा वेळ बाबांचं काम बघत राहिला. बाबा एका शेताचं दार, म्हणजे पाटातून शेतात पाणी जायचं तोंड, बंद करत होते. ओल्या मातीचा गोळा, त्यात वाळलेलं गवत दाबलेलं, तो टाचेने असा काही बसवायचा की पाणी लगेच पुढे वळायचं. मग नवापूरच्याने विचारलं, “बाबा, आज कोनी पाळी शे?”

त्याची घरची भाषा मावची. अहिराणी तो कॉलेजात आल्यावर शिकला, तीही मोडकीतोडकी. पण प्रश्न बरोबर होता. बाबा थांबले, कुणाची पाळी ते सांगितलं, त्याच्यानंतर कुणाची ते सांगितलं, पूर्वी पाळी कशी लागायची आणि आता विहिरी झाल्यामुळे लोक पाळीला कसे विचारत नाहीत तेही सांगितलं. बोलता बोलता दोन दारं मोडून झाली. आमच्या प्रश्नावलीतले निम्म्याहून जास्त प्रश्न त्यात येऊन गेले, त्यात नसलेलेही बरेच. “लिखी ल्या,” असं मधूनच ते आमच्याकडे बघून म्हणायचे, आणि शिरपूरवाली लिहीत सुटायची.

एक गोष्ट बाबांनी सांगितली ती आम्हा सगळ्यांना लागली. सोनगीरचीने विचारलं होतं की तुम्ही पाटकरी असताना तुमच्या शेताला पाणी कधी द्यायचात. बाबा हसले. म्हणाले, पाटकऱ्याने आपल्या शेताचा विचार केला की फड बुडाला. पाणी कुणाला द्यायचं ते पंचांनी ठरवलेलं, त्याने फक्त ते इमानाने फिरवायचं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, उभ्याने यावं लागलं. नेरजवळ कुठेतरी शिरपूरवाली म्हणाली, आपण सहा जणांनी सहा विहिरी खोदल्यात. आणि तिथेच, दांडीला लोंबकळत, आम्ही कामाची वाटणी मोडली. प्रकरणं कुणाचीच नाहीत. अहवालाचे चार फड. एका वेळी सगळ्यांनी एकाच फडात राबायचं: आधी फक्त नकाशा, तो झाला की फक्त मुलाखती, मग फक्त आकडे, मग लेखन. काय करायचं ते सहा जण मिळून ठरवणार, ते आमचे पंच. आठवड्याचं काम कुणाला द्यायचं ते पाटकरी सांगणार, आणि त्याच्या नावावर स्वतःचं प्रकरण नसणार. पाटकरी नवापूरचा. त्याने नको नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. रेकॉर्डिंग, फोटो, भरलेल्या प्रश्नावल्या यांची राखण करायला जागल्या: सोनगीरची. तिने लगेच सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि घरी जाऊन ड्राइव्हवर चढवलं. हवालदार म्हणून मी.

सरांना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, गटप्रमुख बदलत राहिला पाहिजे, नाहीतर एकच पोरगा शिकतो. मी त्यांच्याशी वाद घातला. पंधरा दिवसांत नवीन माणसाला फक्त काय झालंय आणि काय राहिलंय हे कळतं, तोवर त्याची पाळी संपते. पुढच्याने पुन्हा तेच. अट कागदावर छान दिसते, पण पाणी रोज नव्या हातात गेलं तर दारं कोण ओळखणार? शेवटी मधला मार्ग निघाला. मीटिंग चालवायची पाळी फिरती राहील, म्हणजे कोण बोललं नाही ते बघायचं, वेळेत संपवायचं, ठरलेलं एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. काम वाटणारा तोच राहील. मला अजूनही वाटतं की या मीटिंग चालवण्यातच सरांच्या अटीचं खरं फळ होतं. दहिवेलचा, ज्याने आयुष्यात कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं, त्याने आपल्या पाळीला दोंडाईच्याच्याला सांगितलं, “तुझं तिसऱ्यांदा झालं, आता हिला बोलू दे.” दोंडाईच्याचा गप्प बसला. तो गप्प बसू शकतो हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

नवापूरचा पाटकरी कसा होता? तो आदेश देत नसे. गुरुवारी संध्याकाळी प्रत्येकाला वेगळा फोन करायचा. “या आठवड्यात तुझ्याकडे किती वेळ आहे?” एवढंच विचारायचा, आणि त्यावरून काम. शिरपूरवालीच्या घरी लग्न होतं त्या आठवड्यात तिला काहीच दिलं नाही, पुढच्या आठवड्यात दुप्पट. उरलेलं, कुणालाच नको असलेलं काम तो स्वतः घ्यायचा. गावातल्या फडातले सातबारे ऑनलाइन काढून गट नंबर नकाशाशी जुळवायचे, हे अतिशय कंटाळवाणं काम त्यानेच केलं. त्याच्याकडून मी घेतलेली गोष्ट हीच, की काम सांगण्याआधी समोरच्याचा आठवडा विचारायचा. आता नोकरीत माझे वरिष्ठ तसं करत नाहीत, तेव्हा फरक रोज कळतो.

पैशांवरून भांडण झालंच. कॉलेजचा पास घर ते कॉलेज एवढाच चालतो, गावाच्या फेऱ्यांचं भाडं खिशातून. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे आम्हा तिघींना निम्मं, तिघा मुलांना पूर्ण. वर्गणी सारखी काढायची की ज्याचं त्याने भरायचं? दोंडाईच्याच्याचं म्हणणं, गटाचं काम आहे, एकत्र करून सहाने भागा. सोनगीरची म्हणाली, सवलत सरकारने बायकांना दिलीय, तुझ्या खिशाला नाही. दोघांचंही बरोबर होतं. आम्ही पंचांत बसलो आणि ठरलं की भाडं ज्याचं त्याचं, पण दहिवेलच्याच्या मोटरसायकलचं पेट्रोल आणि झेरॉक्स सहांत. तुम्हाला हे बारीक वाटेल. पण आधीच्या बॅचचे दोन गट मी पैशांवरून फुटलेले पाहिलेत, आणि त्या गटांत पैशाबद्दल कुणी तोंडच उघडलं नव्हतं. मनात ठेवलं आणि तोंडीच्या आदल्या दिवशी काढलं.

सर्वेक्षणात एक भोक होतं ते सोनगीरचीने काढलं. सगळ्या प्रश्नावल्या पुरुषांनी भरलेल्या. घरी गेलं की बाई पाणी आणून ठेवते आणि माणूस उत्तर देतो. ती म्हणाली, उद्या घरी जायचंच नाही, शेतात जायचं. कांदे काढायचं काम चालू होतं. ती बायकांच्या ओळीत बसली, विळा घेतला आणि पात कापत बोलत राहिली. आम्ही लांब. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन परत आली तेव्हा तिच्याकडे एक अख्खा वेगळा अहवाल होता: रात्रीच्या पाळीला माणूस जातो असं सगळे सांगतात, पण तो बाहेरगावी असला की दारं धरायला बाईच जाते. विहीर झाल्यावर पाळीचं बंधन गेलं, पण लाइट रात्री आली की पंप चालू करायला उठावंच लागतं, मग झोप कुठे वाढली? आणि पंचांत एकही बाई कधी नव्हती. शेवटचा मुद्दा अहवालात घ्यायचा की नाही यावर पुन्हा मीटिंग. गावात वाचायचाय, गाव चिडलं तर? सोनगीरची म्हणाली, मी वाचीन. ठरलं.

आणि गाव का बदललं, याचं उत्तर एका कारणात बसेना. वरच्या बाजूला लाटीपाडा, मालनगाव अशी धरणं झाली आणि नदीचं वाहणं बदललं. विहिरी आणि पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो फडाचं पीक कशाला मानेल? त्याला कांदा हवा, डाळिंब हवं. एक जण फुटला की त्या फडाला एकच पाळी लावता येत नाही. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना धरणाच्या कालव्यांवरचं व्यवस्थापन देऊ केलं, म्हणजे फडात जे आधीपासून होतं त्याचंच सरकारी रूप, पण कागदाने आलेलं आणि रक्तात असलेलं यात फरक राहतोच. दोंडाईच्याच्याला शेवटी ‘फड पद्धत वाचवा’ असा ठराव हवा होता. बाबांना विचारलं तर म्हणाले, विहिरीवाल्याला कोण सांगणार? आम्ही ठराव गाळला.

तोंडीआधी सगळ्यांनी एकमेकांना गुण द्यायचे, हीही सरांची कल्पना. हातात शंभर गुण, उरलेल्या पाच जणांत वाटायचे. पहिल्यांदा सगळ्यांनी प्रत्येकाला वीस-वीस दिले, मैत्री राखली. सरांनी कागद परत दिले आणि म्हणाले, प्रत्येक आकड्यापुढे त्याने केलेलं एक काम लिहा, आकडा नंतर टाका. मग मात्र घाम फुटला. दहिवेलच्याच्या नावापुढे काय लिहायचं म्हणून मी बराच वेळ बसले, आणि मग आठवलं की प्रत्येक वेळी बंधाऱ्यापर्यंत टेप धरून पाण्यात उतरणारा तोच होता. ही पद्धत मला आवडत नाही. मैत्रीत आकडे आले की काहीतरी कुजतं. पण गटातल्या गप्प माणसाचं काम कागदावर यायला दुसरा मार्ग मला तरी सुचलेला नाही.

गावात वाचन मारुतीच्या पारावर, संध्याकाळी. आम्ही नकाशा मोठा छापून आणला होता, सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, गाव नकाशा आणि मोबाइलचं जीपीएस यांवरून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला, चार फड चार रंगांत. दोंडाईच्याच्याने सुरुवात केली, अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या मराठीत, आणि खरं सांगते, त्या दिवशी त्याच्या मोठ्या आवाजाचं सोनं झालं. नकाशाकडे आल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “हाई आठे नही, तठे शे.” तिसऱ्या फडाची हद्द. एका म्हाताऱ्याने उठून बोट ठेवलं. दुसऱ्याने त्याचं बोट सरकवलं. दोघांत जुंपली. दोंडाईच्याचा आमचं जीपीएस किती अचूक आहे ते सांगायला लागला, आणि तेवढ्यात शिरपूरवालीने, जी तारखेशिवाय ओळ लिहीत नाही तिने, आपला लाल पेन उघडून सरळ त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. तिच्या छापील, घडी न पडलेल्या नकाशावर. म्हाताऱ्याने रेघ ओढली. मग दुसऱ्याने पेन मागितला. मग पेन फिरतच राहिला. एक बुजलेली चारी निघाली, सांडमाची जुनी जागा निघाली, बंधाऱ्याजवळच्या एका शेताचं जुनं नाव निघालं. नकाशा लाल झाला.

सोनगीरचीने बायकांचं पान वाचलं तेव्हा पुढे बसलेले दोन-तीन जण हसले, एक उठून गेला. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, “बराबर शे.” बाकी कुणी काही बोललं नाही. सरपंच म्हणाले की लिहिलंय ते राहू द्या.

सबमिशनला आठवडा उरला होता आणि नकाशा पुन्हा करावा लागला. नवापूरच्याने त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणाला ‘वेळ किती आहे’ असं विचारलं नाही. नुसतं सांगितलं, उद्या सकाळी आठला लॅबमध्ये या. सगळे आले.

बाहेरच्या परीक्षकांनी तोंडीला विचारलं, “ग्रुप लीडर कोण?” सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या प्रश्नाला एक नाव घेतलंत तर मला राग येईल. तरीही क्षणभर शांतता. मग शिरपूरवालीने सह्यांची पानं पुढे केली: कोणती मीटिंग कोण चालवत होतं, काय ठरलं, कुणी काय केलं. परीक्षकांनी ती चाळली आणि पुढचे प्रश्न त्यातूनच विचारले. दहिवेलच्याला बंधाऱ्याची उंची विचारली. त्याने टेपचा आकडा सांगितला आणि गाळ किती साचलाय तेही. नवापूरच्याला विचारलं, “तुमच्या नावावर प्रकरण कोणतं?” तो म्हणाला, “नाही सर. मी वाटणी करायचो.” परीक्षकांनी भुवया उंचावल्या. गुण त्याला आमच्यापेक्षा कमी पडले. फॉर्मवर वाटणीला रकानाच नाही. यावर सर आणि परीक्षक बराच वेळ बोलले, पण गुण बदलले नाहीत, आणि मला ते अजूनही सलतं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. फॉर्म नवे छापले जातील तेव्हा हा रकाना कुणीतरी घालावा.

लाल रेघांचा तो नकाशा लॅमिनेट होऊन ग्रामपंचायतीत लागलाय. दोंडाईच्याचा स्पर्धा परीक्षा देतोय. नवापूरचा गावी परतला, तिथे वनहक्क समितीच्या मोजणीत मदत करतो असं ऐकलं. यंदाच्या बॅचने नदीच्या खालच्या अंगाचा बंधारा घेतलाय आणि त्यांच्यातली एक मला आमच्या अहवालाची फाईल मागत होती. फाईल मी दिली नाही. सह्यांची पानं दिली, आणि नवापूरच्याचा नंबर त्याला विचारून दिला. परवा तिचा पुन्हा फोन आला. गटात भांडण लागलंय, प्रकरणं वाटून झालीत आणि दोघांना नकाशाच हवाय. मी विचारलं, बंधाऱ्यावर गेलात का? म्हणाली, अजून नाही ताई, आधी प्रस्तावना पूर्ण करतोय. शनिवारची सकाळची गाडी किती वाजता सुटते तेवढं तिला सांगितलं.